कारखान्यात शिरणारा एकमेव कॅमेरा

परभणी जिल्ह्यातल्या उद्योगाचा इतिहास डोळ्यांनी पाहायचा म्हटलं, तर पाहण्यासारखं फारच थोडं शिल्लक आहे. १९००च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड-सिकंदराबाद रेल्वे धावू लागली आणि सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्टेशनं कापसाच्या व्यापाराला जोडली गेली. रेल्वेपाठोपाठ जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, सरकीचं तेल काढणाऱ्या गिरण्या आल्या, अडती आल्या, हमालांच्या वस्त्या वसल्या. कापूस पिकवणारा आणि कापूस ओढणारा अशी दोन्ही माणसं या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राबली. जुन्या जिनिंगपैकी कित्येक बंद पडल्या, त्यांच्या जागांवर प्लॉट पडले, घरं उभी राहिली. खरेदीखतं आणि कोर्टाचे निकाल दप्तरात सापडतील. पण रुई कशी निघत होती, प्रेसवर माणसं कशी उभी राहत होती, हंगाम संपल्यावर ती कुठे जात होती, हे दाखवणारी चित्रं शोधून सापडणं कठीण आहे.

कॅमेरा मराठवाड्यात येतच नाही असं नाही. तो दुष्काळ पडला की येतो, शेतकऱ्याने जीव दिला की येतो, जिनिंगला आग लागली की येतो. ते आवश्यकही आहे. मात्र एखाद्या साध्या मंगळवारी शेडमध्ये काम कसं चालतं, मिस्त्री सकाळी आल्या-आल्या पहिल्यांदा कशाला हात लावतो, गाठ बांधायला किती जण लागतात, हे पाहायला कुणी येत नाही. काम नीट चाललेलं असणं ही बातमी होत नाही.

अशा ठिकाणी कॅमेरा कामासाठी म्हणून शिरतो तो बहुधा मालकानेच पैसे मोजून बोलावलेला असतो. वेबसाइटवर टाकायला, बँकेला दाखवायला, प्रदर्शनातल्या स्टॉलवर चालवायला, परदेशातल्या खरेदीदाराला पाठवायला मालकाला कॉर्पोरेट फिल्म हवी असते. अलीकडे तो आणखी एक शब्द वापरतो, ‘सिनेमॅटिक’. फिल्म सिनेमासारखी दिसली पाहिजे, ही त्याची मागणी आहे आणि ती रास्त आहे. माझं म्हणणं असं, की जाहिरात म्हणून काढलेली ही फिल्म परभणीसारख्या जिल्ह्यात त्या कामाची जवळपास एकमेव नोंद ठरते, म्हणून ती खरी असलीच पाहिजे. ती खरी असली तरच सिनेमासारखी होते, आणि तरच धंद्यालाही उपयोगी पडते. सचोटी, कला आणि व्यवहार या तीन गोष्टी इथे एकाच वाटेने जातात.

आज या फिल्मचा साचा ठरून गेला आहे. ड्रोन गेटवरून वर उठतो, पत्र्याच्या शेडवरून फिरतो. मग चेअरमनसाहेब टेबलामागून दोन वाक्यं बोलतात. नंतर संथ गतीने उडणाऱ्या ठिणग्या, फिरणारी चाकं, हेल्मेट घातलेले दोन इंजिनिअर एका कागदाकडे बोट दाखवताना. वर इंग्रजी निवेदन: गुणवत्ता, नावीन्य, ग्राहकाचं समाधान. खाली विकत मिळणारं तयार संगीत. शेवटी हस्तांदोलन आणि मावळता सूर्य. हा साचा कुणाच्या वाईट हेतूतून आलेला नाही. फिल्म काढणाऱ्याला दोन दिवस मिळतात, बजेट आखडलेलं असतं, मालकाला काही चुकीचं दिसेल अशी धास्ती असते, आणि जे आधी कुठे चाललं ते परत करणं सगळ्यांनाच सुरक्षित वाटतं. पण त्याचा परिणाम गंभीर आहे. पाटी बदलली तर हीच फिल्म राजकोटच्या फाउंड्रीला चालेल, कोइम्बतूरच्या पंपवाल्यांना चालेल, मानवतच्या जिनिंगलाही चालेल. जी फिल्म कुणालाही चालते ती खरेदीदाराला या कारखान्याबद्दल काहीच सांगत नाही. आणि पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांनी ती पाहिली, तर त्यांनाही इथल्या माणसांबद्दल काही कळणार नाही.

तेव्हा ‘सिनेमासारखी’ म्हणजे कशी, हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी आपल्याला दूर जावं लागत नाही. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांना चित्रपट काढायला भांडवल हवं होतं. पैसे लावणाऱ्याला पटवायला त्यांनी मोठमोठी आश्वासनं छापली नाहीत. वाटाण्याचा दाणा कुंडीत पेरला आणि तो कसा रुजतो, कोंब कसा वर येतो, वेल कशी चढते, हे ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत चित्रित केलं. ‘अंकुराची वाढ’ नावाची ती छोटीशी फिल्म पाहून भांडवल उभं राहायला मदत झाली आणि पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. म्हणजे मराठी माणसाने काढलेल्या अगदी पहिल्या फिल्मांपैकी एक ही व्यवहारासाठी, पैसे लावणाऱ्याला दाखवण्यासाठीच होती. तिच्यात होतं काय? एक प्रक्रिया, तिला लागणारा वेळ, आणि ती धीराने पाहणारा डोळा. सिनेमाची ताकद तिथे आहे. पुढे याच फाळक्यांनी तळेगावच्या काच कारखान्यावर माहितीपट काढला. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या केलेल्या पैसा फंडातून तो कारखाना निघालेला. स्वदेशी उद्योगाचं काम पडद्यावर दाखवण्यासारखं आहे, हे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याकडे कळलेलं होतं.

जगातही गोष्ट वेगळी नाही. १८९५ साली ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये लोकांना दाखवलेल्या पहिल्या फिल्मांत एक त्यांच्या स्वतःच्या ल्योनच्या कारखान्याची होती. मालकांनी स्वतःच्या कारखान्यावर काढलेली फिल्म! त्यांचा माल फोटोच्या काचपट्ट्यांचा. पण पडद्यावर काचपट्टी नाही. सुट्टी झाली, फाटक उघडलं, बायका-पुरुष बाहेर पडताहेत, एवढंच. त्या दृश्याच्या एकाहून अधिक आवृत्त्या काढल्या गेल्या, म्हणजे कामगारांना पुन्हा बाहेर यायला सांगितलं गेलं. चित्रीकरणासाठी मांडणी करणं हा मुळात दोष नाही. जे घडतं तेच पुन्हा करायला सांगणं वेगळं आणि जे कधीच घडत नाही ते घडवून आणणं वेगळं. कारखान्याच्या फिल्मचा सगळा नैतिक प्रश्न या फरकात सामावलेला आहे.

हा फरक परभणीत कसा दिसतो, ते जिनिंगच्या शेडमध्ये उभं राहून पाहू. दसऱ्यापासून कापूस येऊ लागतो. आवारात गंजी लागतात. कापूस आत ओढला जातो, साफ होतो आणि ओळीने मांडलेल्या डबल रोलर जिनवर येतो. चामड्याचे रोलर तंतू धरून ओढतात, पट्टीपाशी सरकी अडते आणि खाली पडते, रुई पुढे जाते. सकाळी खिडकीतून ऊन आत शिरतं तेव्हा हवेत तरंगणाऱ्या बारीक तंतूंमुळे उजेडाचा अख्खा पट्टा डोळ्यांना दिसतो. कुठल्याही कॅमेरामनचं पाऊल तिथे थबकेल, इतकं ते सुंदर दिसतं. आणि तीच धूळ तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जाते. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम केल्याने होणाऱ्या श्वसनविकाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतलं की त्याच दिवशी छाती आवळून येणं, हे त्याचं ओळखीचं लक्षण.

इथे फिल्म काढणाऱ्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, उजेडाचा पट्टा घ्यायचा, वर व्हायोलिन लावायचं आणि पुढे जायचं. कमी पडली तर आणखी धूळ उडवायची आणि चेहरा नीट दिसावा म्हणून कामगाराला तोंडावरचा रुमाल काढायला लावायचा. दुसरी, अडचण नको म्हणून ते दृश्यच टाळायचं. तिसरी, ते दृश्य घ्यायचं आणि थोडं जास्त वेळ थांबायचं. माणूस रुमाल बांधतो तिथपर्यंत. धूळ ओढून घेणारा पंखा सुरू होतो आणि पट्टा विरळ होत जातो तिथपर्यंत. ज्या मालकाने धूळ ओढणारी यंत्रणा बसवली आहे, त्याच्याकडे दाखवण्यासारखी खरी गोष्ट आहे आणि ती कुठल्याही विशेषणापेक्षा बोलकी आहे. ज्याने बसवलेली नाही, त्याला फिल्मच्या निमित्ताने एक प्रश्न पडेल. तो पडणंही फायद्याचंच आहे. पहिल्या वाटेने जाणारा माणूस कामगाराच्या श्वासाची किंमत देऊन स्वतःची चौकट सजवतो. हे मला मान्य नाही आणि कुणालाच मान्य असू नये.

हीच गोष्ट यंत्रांवरच्या जाळ्यांची. फिरत्या भागांना संरक्षक कुंपण हवं, हे १९४८च्या कारखाने कायद्यानेच सक्तीचं केलं. शूटिंगच्या दिवशी चाक स्वच्छ दिसावं म्हणून ती जाळी उतरवायला सांगणं ही लहान बाब समजली जाते. ती लहान नाही. त्या दिवशी ओळखीच्या यंत्राभोवती अनोळखी माणसं, तारा आणि दिवे असतात, कामगाराचं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं. अपघाताला याहून चांगली संधी मिळणार नाही. कापसाच्या आवारात तर ठिणगीचंच भय असतं. कापसातून आलेला लोखंडाचा तुकडाही आग लावायला पुरतो. म्हणून चित्रीकरणाचे नियम ठरवायचा अधिकार दिग्दर्शकाऐवजी शेडच्या मिस्त्रीकडे असावा.

आता व्यवहाराकडे येतो, कारण मालकाचा पहिला प्रश्न तोच असतो: खरं दाखवून मला मिळणार काय? भारतीय रुईबद्दल सूतगिरण्यांची, विशेषतः परदेशातल्या खरेदीदारांची, एक जुनी तक्रार आहे ती भेसळीच्या कचऱ्याची. प्लॅस्टिकच्या पोत्याचा धागा, सुतळी, केस. प्लॅस्टिकचा बारीक धागा सुतात गेला की त्याला रंग चढत नाही, आणि तयार कापडावर तो डाग होऊन उमटतो. हे थांबवायला आणि जिनिंग सुधारायला केंद्र सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. अलीकडे ‘कस्तुरी कॉटन भारत’ या नावाने गाठीची गुणवत्ता आणि तिचा माग खरेदीदाराला दाखवता यावा असा खटाटोप चालू आहे. म्हणजे खरेदीदाराला सगळ्यात जास्त काय पाहायचं आहे? कचरा कसा काढला जातो ते. आणि फिल्ममधून सहसा काय गाळलं जातं? नेमकं तेच. कापसाजवळ बसून हाताने सुतळी, पाला, प्लॅस्टिकचे धागे निवडणाऱ्या बायका फिल्ममध्ये नसतात, कारण ते दृश्य मागासलेलं दिसेल अशी भीती वाटते. कारखान्याच्या मालाची खरी हमी ज्या बोटांत आहे, ती बोटं मालक स्वतःच लपवतो आणि त्याऐवजी शेडचं छप्पर आकाशातून दाखवतो. छप्पर पाहून कुणी रुई घेत नाही.

एका गाठीचा विचार करा. गाठ १७० किलोची. कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातल्या किंवा पालमकडच्या कोरडवाहू रानात बऱ्या वर्षी एका एकराचं हे पीक. वेचणीला आलेल्या बायका, ट्रॉलीत भरलेला माल, बाजार समितीत बोली लावणारे व्यापारी, मापाडी, हमाल, जिनवरचे कामगार, प्रेस, आणि गाठीवर घातलेला नंबर. निघालेली सरकी तेलाच्या गिरणीत जाते, तिची ढेप होते, आणि ती ढेप त्याच शेतकऱ्यांच्या म्हशींपुढे परत येते. या जिल्ह्याच्या कृषी विद्यापीठात कापसाच्या वाणांवर, त्यातही देशी कापसावर, संशोधन होत आलं आहे, म्हणजे गोष्टीचा एक धागा बियाणापर्यंत जातो. फिल्मने फक्त एका गाठीचा नंबर धरावा आणि तिचा माग उलटा काढत रानापर्यंत जावं. कथा आपोआप तयार होते. तिला सुरुवात आहे, अडचणी आहेत, वळणं आहेत, अनेक माणसं आहेत, आणि ती दुसऱ्या कुठल्याही कारखान्याला लावता येत नाही. साखर कारखाना असो, डाळ मिल असो, शेतीची अवजारं बनवणारं वर्कशॉप असो, प्रत्येकाची अशी एक वस्तू असते जिच्या मागे गेलं की सगळा कारखाना समजतो.

मोबदला घेऊन काढलेली फिल्म थोर होऊ शकते का, अशी शंका घेणाऱ्यांनी दोन उदाहरणं पाहावीत. हॉलंडचे दिग्दर्शक बर्ट हान्स्ट्रा यांना लेर्डामच्या काच कारखान्याची फिल्म काढायचं काम मिळालं होतं. त्यातूनच त्यांनी १९५८ साली ‘ग्लास’ ही दहा-अकरा मिनिटांची फिल्म केली, जिला पुढे ऑस्कर मिळालं. तिच्यात निवेदनाची गरजच पडत नाही. नळीतून फुंकर घालणारे कारागीर, त्यांचे फुगलेले गाल, वितळलेल्या काचेला वळण देणारी बोटं, आणि त्यांच्या लयीत बसवलेलं जॅझ संगीत. मग बाटल्यांचं स्वयंचलित यंत्र येतं. त्यात एक मोडकी बाटली अडकते, मागून येणाऱ्या बाटल्या तिच्यावर आदळून फुटत राहतात, यंत्राला पत्ता नसतो. शेवटी माणूस येऊन ती बाजूला करतो आणि गाडं सुरळीत होतं. कारखान्यासाठी काढलेल्या चित्रीकरणात कारखान्याचंच यंत्र चुकताना दाखवलं, आणि त्यामुळे काचेच्या कामाची आणि कामगाराची प्रतिष्ठा वाढलीच. आपल्याकडच्या किती मालकांची असं दृश्य ठेवायची तयारी असेल? ज्याची असेल, त्याची फिल्म लोक शेवटपर्यंत पाहतील.

दुसरं उदाहरण अधिक जवळचं आहे. १९७६चा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढला. एका अर्थाने ती सहकारी दुग्धव्यवसायाची संस्थात्मक फिल्मच होती. दिग्दर्शन श्याम बेनेगल यांचं आणि पटकथा विजय तेंडुलकरांची. तेंडुलकरांनी पैसे देणाऱ्यांची आरती ओवाळली नाही. गावातली जात, खासगी डेअरीवाल्याची दहशत, सरपंचाचा अहंकार, शहरातून आलेल्या डॉक्टरची हतबलता, हे सगळं त्यात आहे, आणि तो डॉक्टर शेवटी गाव सोडून जातो हेही आहे. तरीही, खरं तर म्हणूनच, ‘मंथन’ने सहकाराची बाजू जेवढी पटवली तेवढी कुठल्याच जाहिरातीने पटवली नसेल. अडचण लपवली की यशावरचा विश्वासही जातो.

उद्योगाच्या प्रचारातून संस्कृती उभी राहू शकते, याचा पुरावा मराठीत आहेच. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते कारखान्याचं पत्रक म्हणून, नांगर आणि चरक विकणाऱ्या कंपनीची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला. शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, त्यांना वाचकाची नजर कळत होती. त्यांनी गिऱ्हाइकाला गिऱ्हाईक न समजता विचार करणारा माणूस समजलं. पत्रकाचं मासिक झालं, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ त्याच्या जोडीला आली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या त्यांवर वाढल्या. नांगर विकण्यासाठी सुरू झालेल्या कागदाने एवढं केलं. मग मानवतच्या, सेलूच्या, गंगाखेडच्या कारखान्याची फिल्म केवळ स्टॉलवरचा टीव्ही चालू ठेवण्यापुरती का असावी?

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. बजेट नाही, हा पहिला. खऱ्या फिल्मला महागडी यंत्रं लागत नाहीत, दिवस लागतात. ड्रोन आणि क्रेनवरचा खर्च वाचवून दिग्दर्शकाला कॅमेरा न काढता दोन दिवस शेडमध्ये बसू द्या. तिसऱ्या दिवशी त्याला कळलेलं असेल की रोलर तापला आहे हे मिस्त्री आवाजावरून ओळखतो, आणि मग तो त्या आवाजावर संगीत चढवणार नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. खरेदीदार तीन मिनिटांच्या वर पाहत नाही म्हणतात. त्याच्यासाठी तीन मिनिटांची फिल्म जरूर करा, पण पंधरा मिनिटांची एक पूर्ण फिल्मही त्याच चित्रीकरणातून निघते. तिसरा, स्पर्धकांना गुपितं कळतील. कुठलं यंत्र, कुठला आकडा दाखवायचा नाही, हे आधी बसून ठरवता येतं. हाताचं कसब पाहून चोरता येत नाही, ते वर्षं घालवूनच येतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. मालकाच्या पैशाने निघालेली फिल्म खरी असूच शकत नाही. मजुरीचा वाद, कंत्राटी कामगाराची असुरक्षितता, हंगाम संपल्यावरची बेकारी ती कधी दाखवणार? या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी खोडून काढणार नाही. अशी फिल्म संपूर्ण सत्य सांगत नाही, तिने तसा दावाही करू नये. त्यासाठी पत्रकार, अभ्यासक आणि स्वतंत्र माहितीपट हवेतच. पण सगळं सांगता येत नाही म्हणून काहीही सांगायला मोकळीक मिळत नाही. संपूर्ण सत्य मालकाच्या फिल्मच्या आवाक्यात नसेल, खोटं न दाखवणं मात्र पूर्णपणे तिच्या हातात आहे. एका दिवसासाठी आणलेली हेल्मेटं, कधीच न वापरलेली प्रयोगशाळा, कामगारांच्या जागी उभे केलेले ऑफिसातले लोक, हे सगळं टाळता येतं. एवढं जरी पाळलं तरी उद्याच्या अभ्यासकाला त्या चौकटीत पुष्कळ सापडेल. कपडे दिसतील, अवजारं दिसतील, उभं राहण्याची ढब दिसेल, बोली ऐकू येईल.

बोलीचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. परभणीच्या जिनिंगची फिल्म मराठीत, इथल्या माणसांच्या तोंडून का असू नये? परदेशी खरेदीदारासाठी खाली इंग्रजी अक्षरं देता येतात. पंचवीस वर्षं प्रेसवर काम केलेला माणूस स्वतःच्या शब्दांत गाठ कशी बांधायची ते सांगतो, तेव्हा त्याच्या आवाजात जी खात्री असते ती भाड्याने आणलेल्या निवेदकाला कुठून येणार? जपानी, जर्मन, इटालियन कारागीर त्यांच्या भाषेत बोलतात तेव्हा आपण ते अस्सल मानतो. तोच मान आपल्या माणसाला द्यायला आपण कचरतो.

हे काम करायला मुंबई-पुण्याहूनच माणसं आणावी लागतील असंही नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात लग्नाचं चित्रीकरण करणारी तरुण मुलं आहेत. त्यांच्याकडे चांगले कॅमेरे आहेत, संकलन त्यांना येतं, गर्दीत माणसाचा चेहरा कसा टिपायचा हे ती रोज शिकतात. लग्नाचा हंगाम सरला की त्यांचे हात रिकामे असतात. त्यातल्या चारदोघांना एखाद्या उद्योजकाने विश्वासाने काम दिलं आणि साचा मोडायची मुभा दिली, तर इथेच नवं काम उभं राहील, आणि उद्योगासाठी जिल्हा सोडून जाणाऱ्या मुलांपैकी काहींना थांबायला कारण मिळेल.

मालकांकडे माझ्या मागण्या साध्या आहेत. फिल्म हंगामात काढा, यंत्रं बंद असताना नको. ज्यांचे चेहरे आणि हात दिसणार आहेत त्यांना आधी विचारा, आणि त्यांची नावं फिल्मच्या शेवटी चेअरमनच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात द्या. फिल्मचा पहिला खेळ कारखान्याच्या आवारात कामगार आणि त्यांच्या घरच्यांसाठी लावा, प्रदर्शनातला स्टॉल त्यानंतर. आणि कापून टाकलेलं चित्रीकरण पुसू नका. त्याची प्रत गावातल्या कॉलेजात, ग्रंथालयात, विद्यापीठात ठेवा. फाळक्यांच्या कामाचा फार थोडा भाग आज शिल्लक आहे. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, पण तोवर मूकपटांचा बहुतांश ठेवा नष्ट झालेला होता. एके काळी जतन करायला रिळं आणि थंड खोल्या लागत, आज एक हार्ड डिस्क पुरते. एवढ्या स्वस्तात जिल्ह्याची आठवण राखता येत असताना ती गमावली, तर दोष आपलाच असेल.

फिल्म पाहून खरेदीदाराने ऑर्डर द्यावी, बँकेने कर्ज मंजूर करावं, ही अपेक्षा योग्यच आहे. मी फक्त तिच्याआधी एक कसोटी लावायला सांगतो. प्रेसवरच्या माणसाने ती फिल्म मुलांना शेजारी बसवून दाखवावी आणि त्याला म्हणता यावं, आमचं काम हे असं असतं. या कसोटीला जी फिल्म उतरेल ती परदेशातल्या खरेदीदारालाही पटेल, कारण त्याचाही प्रश्न शेवटी तोच आहे: तुमच्याकडे काम खरोखर होतं कसं? त्याचं उत्तर देण्यासारखं काम परभणीत रोज होतं आहे. ते जसं आहे तसं दाखवायचं धाडस मालकांनी करायचं आहे.